हात ओढून घेतले, त्याबद्दल

१३ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? इकडे ठीक. दोन आठवडे दुकान बंद ठेवलंय, खुर्च्यांचं रेक्झिन बदलायला काढलंय म्हणून.

नाही दादा, खुर्च्या धडधाकट आहेत. माझे हात बिघडलेत.

तळहातांवर, तळपायांवर लाल चट्टे उठले त्याला चार वर्षं झाली. सगळे म्हणाले, साबणाचं इसब. मीही तेच धरून चाललो आणि हातमोजे घालून दाढ्या करत राहिलो. मग भेगा पडल्या. एक जुनं गिऱ्हाईक माझे हात बघून उठलंच. "राहू दे, जरा घाईत आहे," म्हणालं आणि अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून रस्त्याला लागलं.

कातडीचा तुकडा तपासला. लिंफोमा निघाला. कातडीतला कॅन्सर. कुणाला लागत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तीनदा सांगितलं. तरी मी माझा पेला वेगळा ठेवतो. घरी ही मुद्दाम त्यातूनच पाणी पिते.

तुझ्या लेकीच्या लग्नाला आलो नाही, ते गिऱ्हाइकांच्या गर्दीमुळे नव्हे. नवे कपडे घालून बस स्टँडवर आलो होतो. एका ओळखीच्याने हात पुढे केला, माझा बघितला आणि मागे घेतला. मी तसाच घरी परतलो. तू फोनवर म्हणालास, "आम्हाला तू मेलास." खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण तू फोन ठेवलास.

गेल्या सोमवारी हातांना किरण द्यायची पहिली वेळ होती. पायांची पाळी नंतर. टेबलावर हात ठेवायला लावले, त्यांवर ओल्या रबरासारखा जाड थर घातला. यंत्र चालवणारी मुलगी म्हणाली, "काका, हलायचं नाही हं. दुखत नाही." ती बाहेर गेली, जाड दार लागलं. खरंच दुखलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली. काहीतरी घुमत होतं आणि मला वाटलं, बोटं आतून विझत चाललीत. मी ओरडलो, हात ओढून घेतले. यंत्र थांबवून ती धावत आली.

घरी हिला सांगितलं, "झालं सगळं नीट." चार दिवस दवाखान्याचे फोन उचलले नाहीत. नखं गळतील, कातडी सोलवटेल, मग दोन्ही पुन्हा येतील, असं तिथे सांगतात. बोटांना वस्तरा पुन्हा कळेल का, हे विचारायची छाती झाली नाही.

आज सकाळी फोन हिने घेतला. मला वाटलं, भडकेल. ती नुसती शेजारी बसली आणि म्हणाली, "पुढच्या गुरुवारची वेळ घेतलीय, साडेदहाची. कुणाला बोलावू?"

मी म्हटलं, दादाला.

आत कुणाला सोडत नाहीत. पण बाहेरून माइकवर बोलता येतं, असं यंत्रावरची ती मुलगी त्या दिवशी म्हणाली होती. तू माइकपाशी बस. काहीही बोल. लग्नाच्या शिव्या राहिल्यात, त्या दे. फक्त मध्ये थांबू नकोस. तुझा आवाज आला, तर मी हात हलवणार नाही.

खूप घाबरलेला,
तुझा धाकटा