अवघड जागेच्या पाहणीबाबत

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
विभागीय बारदाना भांडार, नागपूर.

विषय : जांघेतील दुखण्यासाठी रजा मिळण्याबाबत (जागा बदलून मिळण्याबाबत नव्हे).
संदर्भ : माझे मागील दोन अर्ज व त्यांवरील आपले आदेश.

महोदय,

मी आपल्याकडे कंत्राटी हमाल असून बारदानाचे गठ्ठे उचलतो. पहिल्या अर्जात मी "अवघड जागी दुखणे असल्याने रजा मिळावी" असे लिहिले होते. आपल्या शाखेतील टपाल वेदिका मॅडम उघडतात, म्हणून 'जांघ' लिहायची लाज वाटली. आपल्या शाखेने 'अवघड जागा' म्हणजे गैरसोयीचे ठिकाण असे समजून माझी हुडकेश्वरच्या गोदामातून भिवापूरला बदली केली. साहेब, तिथले गठ्ठे आणखी जड आहेत.

मग मी कळवले की, गोदाम बदलले तरी दुखण्याची जागा तीच आहे. त्यावर "जागेची प्रत्यक्ष पाहणी होईल, अर्जदाराने जागेवर हजर राहावे" असे पत्र आले. कनिष्ठ अभियंता टेप घेऊन आले. माणूस भला होता, पण त्यांना मी काय दाखवणार? "जागा समतल व सुस्थितीत" असा शेरा मारून ते गेले.

डॉक्टरांनी मात्र खोकायला लावून, दाबून पाहिले. जांघेत दुखण्याची कारणे पुष्कळ, म्हणाले : स्नायूला ओढ बसते, मुतखडा असतो, पायाच्या जखमेने अवधाणाची गाठ येते. माझे मात्र आतडे उतरले आहे, म्हणजे हर्निया. आडवे झाल्यावर जांघेतला फुगा आत जातो तोवर तारीख घेऊन ऑपरेशन करता येते. तो कडक झाला, आत जाईना, उलट्या लागल्या, तर कोणाची वाट न पाहता त्याच दिवशी यायचे, असे त्यांनी बजावले. मिळालेली तारीख रजेअभावी हुकली. विनापरवानगी गैरहजर राहिल्यास आपण नाव कमी करता, म्हणून मी गेलो नाही.

आज सकाळपासून फुगा आत जात नाही. उलट्याही सुरू आहेत. बायको इंदूबाई दारात ऑटो उभा करून ओरडते आहे, "अर्ज काहून लिहून राहिले जी? मरता का इथंच?" साहेब, मला फार भीती वाटते. रजेची आशा तर केव्हाच सुटली.

सबब, माझे नाव खुशाल कमी करावे. विनंती एवढीच की, माझ्यानंतर येणाऱ्या हमालाला जांघेत दुखल्यास 'जांघेत' असेच लिहू द्यावे आणि त्याच दिवशी सोडावे.

आपला नम्र, परंतु आज ताठ उभा राहू न शकणारा,
जागेश्वर बारापात्रे
हमाल

सोबत : डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. मूळ चिठ्ठी दवाखान्यात लागेल, म्हणून जोडलेली नाही.