भिंतीतले सहा हात

१२ नोव्हेंबर, बुधवार
इथं आखातात, शहरातल्या अझैब्यात वीस वर्षं टाइल्स बसवल्या, आज एकदाचं चुन्याचं काम हाती आलं! डोंगरातल्या या गावाची मशीद सहाशे वर्षांची. मिनार नाही, चार जाड खांब, मेहराबीत, म्हणजे नमाजाच्या दिशेच्या कोनाड्यात, बारीक नक्षी आणि मधोमध चिनी मातीची वाटी बसवलेली. भिंती मातीच्या, दोन हात रुंद. जशी होती तशी उभी करायची, गिलावा माझ्याकडे. हवाबीला फोन केला, म्हटलं, तुझा नवरा आता खरा गवंडी झाला. ती म्हणाली, आधी जेवलात का ते सांगा.

१५ नोव्हेंबर
मेहराबीच्या भिंतीवर खाली हातांचे सहा ठसे आहेत. मशिदीची चावी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या खलफाननी सांगितलं, दर शंभरेक वर्षांनी भिंत दुरुस्त होते आणि शेवटी गवंडी ओल्या गिलाव्यात हात दाबून भिंतीला म्हणतो, आता मी धरलीय. सहा दुरुस्त्या, सहा हात. मला रिवाज आवडला. पण कंपनीच्या अल् खुवैरच्या ऑफिसातून आलेल्या जितेश साहेबांनी ठसे बघून नाक मुरडलं. "बदरूभाय, अठ्ठावीसला ओपनिंग आहे. फिनिश एकदम स्मूथ पायजे. यल्ला, झाकून टाका."

१८ नोव्हेंबर
झाकले. वाईट वाटलं, पण हुकूम तो हुकूम. खलफाननी आज चावी माझ्या हातात दिली नाही, उंबऱ्यावर ठेवली.

२२ नोव्हेंबर
गिलावा हळू सुकावा म्हणून ओली पोती टाकली होती. आज उचलली तर सहाही हात परत आलेले. या खेपेला खोल नाहीत, वर उठलेले, आतून कुणी दाबावं तसे. आत तर नुसती माती! माल कच्चा राहिला असेल, दुसरं काय. घासून सपाट केले. श्रीवर्धनच्या समुद्राला भ्यालो नाही, या भिंतीला काय भिऊ?

२४ नोव्हेंबर
भिंतीला तडा. त्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत हलली की काच तुटते. दुपारपर्यंत तीन तुटल्या.
हात पुन्हा उठले. आता सात. सातव्याची करंगळी अर्धी. माझी करंगळी टाइल कटरने नेली होती, तशीच —
छिन्नीने उडवला तो हात.

२६ नोव्हेंबर
भिंत आत कलतेय. जितेश साहेबांना म्हटलं, शुक्रवार पुढे ढकला. म्हणाले, पाहुण्यांना बोलावणी गेलीत. खलफान विचारतात, धरणारे तू झाकलेस, आता धरणार कोण?
नवा गिलावा खरवडला. खाली जुने ठसे नाहीत. एकही नाही.
हवाबी रडली, निघून या म्हणाली. नाही येणार. चूक माझी आहे, आणि परवा माणसं या भिंतीखाली कपाळ टेकणार आहेत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
तडा सकाळी पुन्हा लिंपला. सगळ्यांना सांगून पाहिलं, कुणी ऐकलं नाही. जुम्म्याचा खुतबा, इमामांचं प्रवचन, चालू असताना भिंत वाकली — माती गळली — धावलो, ओल्या गिलाव्यात उजवा हात दाबला, मोठ्याने ओरडलो, मी धरलीय!
थांबली. खलफाननी सगळ्यांना बाहेर काढलं. एकाला खरचटलंसुद्धा नाही.

तोच दिवस
खलफाननी वही आणून दिली. डाव्या हाताने लिहितोय. उजवा निघत नाही. मनगट आत गेलंय.
जितेश साहेब कटर आणायला गेलेत, भिंत कापायला. नको म्हटलं, कोसळेल —
आत बोटांत बोटं अडकलीत. गार. एकाच माणसाची नाहीत —
कोपर.
भितोय, लपवत नाही. पण ओढू नका. मी आपल्या पायांनी येतो —
हवाबी, जेवलोय.
जितेश साहेब, यापुढे ही भिंत गुळगुळीत करायला कुणाला पाठवलंत तर आतून मी त्याचा हात —