बंद पाकिटातला लाल

मी, वय एकतीस, साबणाची वेष्टने छापणाऱ्या कारखान्यात रंगतंत्रज्ञ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. मंगळवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांच्या मते धोका कमी आहे. माझ्याही मते. तरी आधी नोंद, मग काम, ही माझी सवय आहे.

१. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला. स्वयंपाकघराची भिंत लाल करण्याचा तिचा जुना हट्ट आहे. माझी हरकत मी मागे घेते. मात्र नमुना दिवसाच्या उजेडात बघावा. दुकानातल्या दिव्याखाली पसंत केलेला लाल घरी आल्यावर ओळख देत नाही.

२. माझा तराजू आणि शाई कालवायच्या चार पात्या माझ्या जागेवर येणाऱ्याला. पुसून ठेवाव्यात.

३. जाहिरातप्रमुखांना त्यांच्याच दालनातले चौकटीतले लाल कार्ड. कार्ड बाद झाल्यावर मी ते रीतसर अर्ज करून घेतले आहे. दर सभेत ते सांगत, "लाल म्हणजे भूक, लाल म्हणजे घाई, लाल म्हणजे प्रेम!" मी एकदा विचारले, "साबणाच्या बाबतीत यातलं नेमकं कोणतं?" ते म्हणाले, "तुम्ही आकडे सांभाळा, बाई." सांभाळले. माझे मत असे : लाल एकट्याने काही विकत नाही. तोच लाल वर्षानुवर्षे तसाच दिसला, तर गिऱ्हाईक नाव न वाचता हात पुढे करते.

४. हे कलम अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी होते. या साबणाचा लाल तीस वर्षांपूर्वी त्यांनीच नुसत्या नजरेने कालवला. त्याची दोन नमुनाकार्डे झाली. एक चौकटीत, जाहिरातप्रमुखांच्या दालनात, खिडकीसमोरच्या भिंतीवर. दुसरे काळ्या पाकिटात, कपाटात. नवी शाई चौकटीतल्या कार्डाशी ताडायची, असा नियम. अण्णा त्या कार्डाकडे बघतही नसत.

तीन वर्षांपूर्वी माझ्या रंग मोजायच्या यंत्राने दाखवले की त्यांची शाई कार्डापेक्षा गडद आहे.

"कार्ड विटलंय, पोरी."

"अण्णा, यंत्राला म्हातारपण येत नाही."

अहवालात मी लिहिले : रंगमिश्रकाची नजर अधू. खाली माझी सही. त्यांना खोकी बांधायला बसवले. वर्षभरात ते घरी बसले. तक्रार केली नाही. फक्त रंगाविषयी बोलणे बंद झाले.

गेल्या महिन्यात दुकानदारांनी माल परत पाठवला. दुकानावरच्या आमच्या साबणाच्या जुन्या एनॅमलच्या पाटीचा लाल वेगळा, वेष्टनाचा वेगळा, गिऱ्हाईक विचारते, "हा नकली का?" मी काळे पाकीट उघडले. अण्णांचा लाल जसाच्या तसा होता. यंत्र अचूकच होते. त्याला मी उन्हाने विटलेले कार्ड दाखवत होते. कार्ड तपासणे माझे काम होते. चूक माझी आहे.

पाकिटातले कार्ड मी कारखान्याकडून मागून घेतले, अण्णांच्या नावे ठेवायला. वकील म्हणाले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. वडिलांना द्यायचं असेल तर साक्षीला दुसरं कोणी बघा." मला साक्षीला अण्णाच हवेत. म्हणून काल कार्ड त्यांच्या हातातच दिले. त्यांनी ते खिडकीपाशी नेले, पाहिले आणि लगेच पाकिटात घातले.

"फार वेळ उजेडात धरायचं नाही."

"अण्णा, माझा अहवाल चुकीचा होता. कारखान्याला लेखी कळवलंय."

"कधी कळलं तुला?"

"महिना झाला."

"मग महिनाभर काय करत होतीस?"

"मृत्युपत्र लिहीत होते."

ते खूप दिवसांनी हसले. "तुझं सगळं उशिरा आणि लेखी."

सबब कलम ४ रद्द. या मृत्युपत्राने अण्णांना काहीही मिळत नाही.

५. अंमलबजावणी ताईने करावी. मंगळवारनंतर मी घरी आले, तर पुढचा लाल अण्णा कालवतील आणि मी मोजेन. हे कारखान्याने मान्य केले आहे.

स्थळ : स्वयंपाकघरातले टेबल. रविवार, सकाळी दहा.

सही : रंगतंत्रज्ञ

साक्षीदार १, वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू : हिने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २, वडील, रंगमिश्रक : मीही पाहिली. माझ्या डोळ्यांनी.