पंजाखालची चीर

३ जून
पुन्हा चीर! ताईचा हा तिसरा रबरी पाय. त्याच जागी — पंजाखाली, बोटं वळतात तिथे. टाच मात्र नवी कोरी. म्हटलं, "चालतेस की कुस्ती खेळतेस?" तर म्हणे, "तू बनवलायस, तूच शोध." आणि चहा टाकायला गेली! अपघातात घोटा गेला, जीभ मात्र शाबूत आहे बाईसाहेबांची.

५ जून
प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचं म्हणणं, आमचं रबराचं मिश्रणच कच्चं. पुढच्या आठवड्यात समिती बसणार. तोवर कारण सापडलं नाही तर प्रकल्प गुंडाळायचा. म्हणजे ताईला पुन्हा तो लाकडी ओंडका! तो लावून ती घराबाहेरच पडायची नाही. आणि आईचं तर "जपून चाल गं" सोडून दुसरं वाक्य नाही.

पण कच्चं कसं? असाच पाय प्रयोगशाळेतल्या यंत्रावर लाखो वेळा वाकवला. ढिम्म! साधा ओरखडा नाही. मग ताईच्याच पायाला काय धाड भरते?

६ जून
डोकं चालत नाही. झोपते.

८ जून
अरेच्चा! आज रबराचा तुकडा हातात घेऊन चाळा करत बसले होते. हळू ओढला — लांबतच गेला, गुणी बाळ. झटक्यात ओढला — ताठ! ऐकायलाच तयार नाही. पुस्तकातून हे केव्हाच पाठ केलं होतं, बोटांना आज कळलं. जितकी घाई, तितकं रबर आडमुठं.

आणि आमचं यंत्र? कायम एकाच वेगाने वाकवतं. चालण्याच्या. कुणी हात लावू नये म्हणून मॅडमनी वेगाच्या बटणावर चक्क चिकटपट्टी मारून ठेवली आहे.

९ जून
चिकटपट्टी काढली. मॅडम कडाडल्या, "ठरलेला वेग सोडून मोजलेलं कोण मानणार?" म्हटलं, एकदाच, माझ्या समाधानासाठी. "तुझं समाधान कधी झालंय का!" म्हणाल्या — आणि खुर्ची ओढून शेजारीच बसल्या. त्यांनाही राहवेना.

वेग दुप्पट. काही नाही. अजून वाढवला. भारही टाचेवरून पुढे पंजावर घेतला. जेवणाची सुट्टी झाली तरी दोघी तिथेच. आणि टर्र! पंजाखाली, बोटं वळतात तिथे. हुबेहूब ताईची चीर! मी ओरडलेच. मॅडमनी तर टाळी दिली मला — मॅडमनी!

मग त्यांनीच चष्मा पुसत विचारलं, "अगं, पण असं चालतं कोण?"

१० जून
ताईला तेच विचारलं. आधी लाजली. मग डोळे वटारून म्हणाली, "आईला सांगितलंस तर बघ! पळते मी. रोज."