चौथ्या गाण्यातलं वाक्य

प्रिय भिंगरी,

अक्षरावरूनच ओळखलं असशील. आयुष्यभर कापडावर खडूनं खुणा केल्या की कागदावरची ओळही तिरकी पळते. फोन केला असता, पण तुझा फोन आता म्हणे दुसरंच कुणीतरी उचलतं, आणि मला सांगायचंय ते मधल्या माणसाच्या हाती देण्यासारखं नाही. घटस्फोट झालेल्या सुनेला काय म्हणायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून पहिल्या दिवशी ठेवलेलं नावच लिहिलंय. बसायला खुर्ची दिली तरी तू तीन खोल्यांमध्ये चार फेऱ्या मारून आलीस आणि मला सरळ ‘अगं आई’ म्हणालीस. अहो-जाहोची भानगड आपल्यात कधी आलीच नाही.

तुझा अल्बम बेचाळीस आठवडे गाजलेल्या अल्बमांच्या यादीत आहे, हे मला आपल्या शिलाईच्या दुकानातल्या इस्त्रीवाल्या बाईंकडून कळतं. त्या दर शुक्रवारी मोबाइलवर यादी बघतात, आणि तू एखादी पायरी खाली आलीस की दिवसभर लोकांच्या शर्टांवर राग काढतात. मी मात्र डिस्क विकत आणली. मोबाइलवर फुकट ऐकता येतं हे माहीत आहे, पण वस्तू हातात असली म्हणजे मला ती खरी वाटते. दुकानदार म्हणाला, हल्ली डिस्क कुणी घेत नाही, पण हिची घेतात, तिसऱ्यांदा मागवली. मी त्याला सांगणार होते की बाबा रे, हिच्या पहिल्या अल्बमचे सहा खोके दोन वर्षं माझ्या कटिंगच्या टेबलाखाली पडून होते, आणि त्यांवर पाय टेकवून मी शेकडो पँटी आखूड केल्यात. पण त्याला पिशवी मागितली आणि घरी आले.

पुरस्कार घेताना तुला टीव्हीवर पाहिलं. छान दिसत होतीस, पण तुझ्या कोटाचा उजवा खांदा ओढत होता. कुणी शिवला? बाही लावताना जास्तीच्या कापडाचा झोल सगळीकडे नीट वाटून घ्यायचा असतो, त्या शिंप्यानं सगळा मागे ढकललाय. इकडे कधी आलीस तर घेऊन ये, अर्ध्या तासाचं काम आहे.

डिस्कबरोबरची पुस्तिका मी भिंग लावून वाचली. ड्रम कुणी वाजवले, गिटार कुणी, आणि सातव्या गाण्यापुढे बारीक अक्षरात ‘शिलाई मशीन: आई’. मी ते इस्त्रीवाल्या बाईंना दाखवलं, मग वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला, मग ज्याला बघायचं नव्हतं अशा गॅसवाल्यालाही. तो दिवस मला आठवतो. पुस्तकांच्या ढिगावर माइक ठेवून तू म्हणालीस, आई, एक लांब सरळ शिवण मार, थांबू नकोस. मी पडदा घेतला, आणि निम्म्यात बॉबिनचा दोरा संपला. तेव्हा मी बॉबिनला जे बोलले ते तू गाण्यातून काढलंस, त्याबद्दल आभारी आहे. पण जाताना तू तो आवाज सोबत नेलास, हे मला इतक्या उशिरा कळलं. मला वाटलं होतं, तू या घरातलं काहीच नेलं नाहीस.

पण लोक वेडे झालेत ते चौथ्या गाण्यासाठी. सुरुवातीला एकटी गिटार, मग ड्रम आणि मग ते वाक्य: ‘तू म्हणालास, आवाजानं घर भरत नाही.’ बँकेत फोन लावला की थांबवून ठेवताना तेच. दाताच्या डॉक्टरकडे तेच. समोरच्या व्यायामशाळेत सकाळी साडेसहाला वीसजण उड्या मारत तेच ओरडतात. गिऱ्हाइकं माप देता देता गुणगुणतात. माझ्या दातांत टाचण्या असतात म्हणून बरं, काही बोलावं लागत नाही.

आणि आमचे चिरंजीव. त्याचं तुला कळलं नसेल, तो सांगणाऱ्यातला नाही. अजून त्याच मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवतो. तो तुझा नवरा होता हे सगळ्यांना माहीत आहे. मुलाखतीत तुला विचारलं, हे वाक्य नवऱ्याचं का, आणि तू म्हणालीस, गाणं आहे, गाण्यासारखं ऐका. लोकांनी त्याचा अर्थ ‘हो’ असाच घेतला. दोन मुलींनी दुसरा शिक्षक मागून घेतला. एका बाईंनी त्याच्याकडून रिव्हर्स घ्यायला शिकून घेतलं, आणि शेवटच्या दिवशी विचारलं, मग सर, घर भरलं का तुमचं? तो म्हणाला, आरसा बघा, मागून गाडी येतेय. हे त्यानं मला हसत हसत सांगितलं. रेडिओवर गाणं लागलं तर तो बंद करत नाही. बंद करायला हात नेला की शिकणाऱ्याचं लक्ष विचलित होतं म्हणे.

आता जे लिहिणार आहे त्यासाठी दोनदा उठून पाणी पिऊन आले.

आपण त्या बाळाबद्दल कधीच बोललो नाही. चौथा महिना होता. दवाखान्यातून आल्यावर तू आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होतीस. नवव्या दिवशी उठलीस, केस बांधलेस, गिटार खांद्याला लावलीस. मी मशीनपाशी होते. मी सहा झबली कापून ठेवली होती, शिवायची राहिली होती, ती कुठे ठेवावीत हे मला सुचत नव्हतं. मला वाटलं, हिचं काहीच गेलं नाही, ही निघाली गायला. तू दारात वाकून बुटाची नाडी बांधत होतीस, आणि मी म्हणाले, “आवाजानं घर भरत नाही.” तू नाडी पूर्ण बांधलीस. ‘येते’ म्हणालीस. तो तेव्हा कामावर होता, घरात तिसरं कुणी नव्हतं.

त्या दिवशी तू परत आलीस, माझ्या शेजारी बसून जेवलीस. पुढचे सहा आठवडे रोज माझ्याशी गोड बोललीस. मी स्वतःची समजूत घातली, हिनं ऐकलंच नसेल. मग तू गेलीस. त्याला कारण सांगितलं नाहीस, मीही त्याला काही विचारू दिलं नाही. गाणं आलं तेव्हा मला कळलं की तू ऐकलं होतंस, अक्षर न् अक्षर. जगाला वाटतं ते वाक्य पैशाबद्दल आहे. ते कशाबद्दल आहे, हे आपण दोघीच जाणतो.

आणि तुझं नववं गाणं. त्याला शब्दच नाहीत, एक मिनिटाचं नुसतं गुणगुणणं. पेपरात कुणीतरी लिहिलं की जागा भरायला घातलंय. मला ते पहिल्यांदा ऐकतानाच ओळखू आलं. ते चार महिने तू ओट्यापाशी, पोटावर हात ठेवून, तेच गुणगुणायचीस. नवव्या दिवशी तू गिटार घेऊन कुणासाठी गायला निघाली होतीस, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. बाई असून कळलं नाही, आई असून कळलं नाही.

‘म्हणालास’ असं तू का लिहिलंस, यावर मी फार विचार केला. तू माझ्यावर पांघरूण घातलंस. पण पांघरूण एकच होतं, ते माझ्यावर ओढलंस आणि तो उघडा पडला. तुला दोष देत नाही. ते घट्ट धरून मीच बसले होते, बेचाळीस आठवडे.

गेल्या आठवड्यात तू पाठवलेली तुझ्या कार्यक्रमाची दोन तिकिटं आली. त्यानं ती फ्रिजवर लावली आणि मला म्हणाला, तू जा, मी आलो तर लोक तिच्याऐवजी माझ्याकडे बघतील. तेव्हा मी त्याला विचारलं, तू असं कधी बोललाच नाहीस, मग ऐकून का घेतोस? तो म्हणाला, “रागात कधीतरी बोललो असेन. तिच्या लक्षात राहिलंय म्हणजे बोललोच असेन.” दहा महिने माझा मुलगा स्वतःच्या आठवणीत तो दिवस शोधत होता, भिंगरी. मी कात्री खाली ठेवली आणि त्याला सगळं सांगितलं. झबल्यांसकट. तो गाडीची किल्ली उचलून कामावर गेला. संध्याकाळी कामावरून आला, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला आणि एवढंच विचारलं, “त्या दिवशी ती परत आल्यावर जेवली होती का?” मी हो म्हटलं. अजून माझ्याशी मोजकंच बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण काल त्यानं फ्रिजवरची तिकिटं काढून स्वतःच्या पाकिटात ठेवली. आम्ही दोघंही येतोय. माझं चुकलं, हे मला तुझ्या तोंडावर सांगायचंय. माफ करायचं की नाही ते तुझ्यावर. मागणं एकच आहे, त्यासाठीच हे पत्र. कार्यक्रमात गाताना ‘म्हणालास’च्या जागी ‘म्हणालीस’ म्हण. मी मशीनवर बसून म्हणून पाहिलं, चालीत बसतं. लोक चमकतील, विचारतील. त्यांना सांग, हे माझी सासू बोलली होती, आणि ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, मुलाशेजारी.

कागदोपत्री कुणीही नसलेली, तरी तुझीच,
आई