साखरखेर्ड्याचं मशीन ओ देत नाही

बुलडाणा, २० डिसेंबर २०१७

आदरणीय फकीर मोहम्मद मामूंच्या खिदमतीत, भाचा आसिमचा सलाम.

तुमच्या गुडघ्यांना आराम असेल, खुर्शीदा मामी खुशाल असतील आणि निदान थंडीमुळे तरी तुम्ही शेजाऱ्यांना कायदा शिकवणं कमी केलं असेल, अशी उमेद आहे. पत्र मराठीत लिहितोय, कारण मागचं उर्दू पत्र तुम्ही लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं होतंत. (खाली सहीसुद्धा केली होतीत.)

हकीकत अशी. बोंडअळीच्या पंचनाम्यांसाठी गावोगाव केंद्रं उघडलीत, तिथले सर्व्हर सांभाळायला मला नेमलंय. (बीटी कपाशीला अळी लागत नाही असं बियाण्याच्या पाकिटावर होतं, अळीने ते वाचलेलं दिसत नाही.) या मशीनच्या पोटात एक छोटा भाग असतो. मशीन बंद पडलं तरी तो जागा राहतो, आणि बुलडाण्यात बसून त्याच्यामार्फत मशीन पुन्हा चालू करता येतं. ही सोय कुठे आहे, कुठे नाही, ते तपासून ३० तारखेपर्यंत कळवायचंय. तेही संध्याकाळी सहानंतर तपासायचं, कामाचा खोळंबा नको म्हणून. सोय नसेल ते केंद्र बंद करायचं, असं साहेबांनी ठरवलंय. मग तिथल्या लोकांनी तालुक्याला खेटे घालायचे.

रोहिणखेड आणि पिंपळगाव राजाने पहिल्याच हाकेला ओ दिली. साखरखेर्डा गप्प. चार संध्याकाळ विचारत राहिलो, उत्तर नाही. साहेब म्हणाले, 'नाही' लिहून मोकळा हो. पण त्या केंद्राच्या पायरीवर भाकरी बांधून आणून दिवसदिवस बसलेली माणसं मी पाहिलीत. त्यांना आणखी एक एसटी बदलायला लावण्याइतका मी अजून निगरगट्ट झालेलो नाही. काल स्वतः गेलो.

केंद्र तुमच्याच जुन्या कचेरीत आहे. मशीन उघडून पाहिलं तर तो भाग जागच्या जागी, दिवा हिरवागार, विचारलं की लगेच उत्तर. चक्रावून तिथेच बसून राहिलो. पावणेसहाला शिपाई कडूबा आला, टेबलं पुसली, खिडक्या लावल्या आणि मेन स्विच खाली ओढला. मशीनसकट तो जागा भागही झोपला. मी त्याला सगळं समजावलं, साहेबांना फोन लावून त्याच्या हातात दिला. त्याने फोन अदबीने ऐकला, अदबीने परत केला आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

"फकीरसाहेबांनी लिवून देल्लंय," तो म्हणाला. "तोंडी हुकूम म्या मानत नसतो."

भिंतीवर चौकटीत तुमचं अक्षर, मामू. 'घरी जाताना मेन स्विच बंद करणे. कसूर खपवून घेतली जाणार नाही.' विजेच्या बोर्डाने पेट घेतला आणि दप्तर थोडक्यात वाचलं, त्या सालचा हा हुकूम. तेव्हा तुम्ही तिथे हेडक्लार्क होता. फकीरसाहेबांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, असं मी कडूबाला सांगितलं. तो म्हणाला, हुकूम निवृत्त झाल्याचा कागद दाखवा. मला संताप आला आणि तुमचा अभिमानही वाटला. पण केंद्र मी बंद होऊ देणार नाही.

तुमचा आज्ञाधारक
आसिम

ता. क. : फोन न करता पत्र लिहिलं ते यासाठीच. 'जुना हुकूम रद्द' एवढंच तुमच्या हाताने लिहून सही करून पाठवा. तारीख घाला, कडूबा तारीख बघतो.

आणखी एक : सरकारी माणसाने सरकारपुढे हात पसरू नये म्हणून तुम्ही आपल्या कपाशीच्या भरपाईचा अर्ज भरला नाहीत, ते ठाऊक आहे. पायरीवर भाकरी घेऊन बसलेल्यांत खुर्शीदा मामी होत्या. दोन दिवस बसल्या आणि अर्ज भरून आल्या. त्यावर फक्त तुमची सही राहिलीय. तो अर्ज केंद्रातून घेऊन सोबत पाठवतोय. पेन हातात असेलच, तर दोन्ही कागदांवर करा.