मेन बंद असताना लागलेला धक्का

मूर्तिजापूर,
१४ नोव्हेंबर २००६

तीर्थरूप धर्मपालमामा यांना भाचा संघपालचा सविनय जयभीम.

तुमची कंबर कशी आहे? मामींचे गुडघे? (आईने दोन्ही वेगवेगळे विचारायला सांगितले आहे.) तुमच्या परतवाड्यासारखेच इकडेही लोडशेडिंग बारा तासांचे, बाकी ठीक. माझ्याबद्दल मात्र तुम्ही भलतेच काही ऐकण्याआधी मीच क्रमाने लिहितो.

रविवारी मी बोरगाव मंजूला खुशालरावांकडे मुलगी पाहायला गेलो. कापसाने दगा दिल्यापासून वीस एकरवाल्यापेक्षा हातात पक्कड असलेला मुलगा बरा असे लोक म्हणतात, म्हणून माझा नंबर लागला. मुलगी दीपमाला, बारावी पास. (मी दहावी नापास, हे मी आधीच कळवले होते.) पोह्यांची परात आली आणि बैठकीतला दिवा मिणमिणू लागला. खुशालराव म्हणाले, "पाहा बरं जवाई, काहून असा करून राहिला हा?" जवाई हा शब्द ऐकून मी थेट बोर्डाकडे गेलो.

मामा, सगळे तुम्ही शिकवल्याप्रमाणे केले. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये लावून तपासला. मेन पाडला. फ्यूज काढून खिशात ठेवला (कोणी उत्साहाने परत बसवू नये). मग एकेका स्क्रूवर टेस्टर लावला, कुठेच पेटला नाही. न्यूट्रलची एक तार ढिली होती, ती मोकळी केली आणि तिच्यावर पुन्हा टेस्टर न लावता बोट लावले. (नंतर कळले ते इथेच सांगतो. शेजारी त्यांचे भाऊ शेषराव राहतात. त्यांचे मीटर वेगळे, फेज वेगळा, पण परतीचा न्यूट्रल भिंतीला भोक पाडून याच बोर्डावर, याच तारेला आणलेला. इकडे ती तार सुटली की शेषरावांच्या टीव्हीतून फिरून आलेला करंट तिच्या टोकाशी येऊन थांबतो. मी तिथे हजर होतो.)

मी ताठ झालो, दात आवळले आणि परातीत बसलो. "अगं माय, पोराले फीट आली!" जाईबाई, म्हणजे मुलीची आई, ओरडल्या. मेन बंद म्हणजे करंट नाही, करंट नाही म्हणजे फीट. त्यांनी कांदा फोडून माझ्या नाकाशी धरला. टीव्ही बंद पडला म्हणून भांडायला आलेले शेषराव म्हणाले, "कांद्यानं काय होते वैनी, चप्पल हुंगवा!" आणि त्यांनी स्वतःचीच काढली. मी करंट, करंट म्हणत होतो, पण नाकाशी चप्पल असलेल्या माणसाचे कोणी ऐकत नाही. "बरळून राहिला बिचारा," खुशालराव म्हणाले. दीपमाला तेवढी बोर्डाकडे पाहत होती. "बाबा, यायले झटका लागला तवाच काकाचा टीव्ही कसा बंद पडला?" तिला आणखी एक कांदा आणायला पाठवले.

मामा, मला हीच मुलगी हवी.

शुद्धीवर आल्याचे सर्वांना पटवून मी शेषरावांचाही मेन पाडायला लावला (आजाऱ्याचा हट्ट म्हणून त्यांनी पाडला) आणि तार घट्ट बसवली. काल निरोप आला: मुलगा सालस आहे, पण आजार लपवला.

तुमचा नम्र,
संघपाल

ता. क. येत्या रविवारी माझ्याबरोबर बोरगावला यावे आणि आपल्याकडे कोणाला फीट येत नाही, मेन बंद असूनही धक्का बसू शकतो, हे सांगावे. तुमच्या वयाच्या वायरमनचे ऐकतील. दहा मीटर काळी वायरही आणावी, शेषरावांचा न्यूट्रल वेगळा करायचा आहे.

आणखी ता. क. तो न्यूट्रल ओढला कोणी, असे मी निघताना विचारले. सोळा वर्षांमागे परतवाड्याचा एक लई नामी वायरमन आला होता, त्याने वायर वाचवून दिली, असे खुशालराव कौतुकाने म्हणाले. त्याने बोर्डाच्या झाकणाच्या आत खिळ्याने आपले नाव कोरले आहे. ते फक्त मी वाचले आणि झाकणाचे चारही स्क्रू आवळले. तुम्ही आलात तर रविवारी झाकण मीच उघडीन, आणि येताना नाव घासायला पॉलिश पेपर आणीन. नाही आलात, तर दीपमालाकडे पेचकस आहे.